एकवीस नंबरची फिल्म

१

त्या शनिवारी सूर्यग्रहण होतं, आणि ग्रहण सुटेपर्यंत धंतोलीतल्या आधार रुग्णालयातून तीन गुडघे चोरीला गेले होते.

गुडघे म्हणजे गुडघ्यांच्या एक्स-रे फिल्मा. पण आमच्याकडे गेले काही दिवस त्यांना कोणी फिल्मा म्हणतच नव्हतं. 'पाचवा गुडघा आणा', 'बारावा दिव्यावर लावा' असंच चालायचं.

मी यमुना बोकारे. तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूमिती शिकवली आणि तीस वर्षं फळ्यापुढे उभी राहून स्वतःचे दोन्ही गुडघे घालवून घेतले. रुग्णालयात गेले ती गुडघ्यांसाठी, आणि अडकले ती भूमितीसाठी.

झालं होतं असं. डॉक्टर मनोहरराव पांढरीपांडे म्हणजे आमच्या भागातलं गुडघ्याचं शेवटचं न्यायालय. झिजलेल्या हाडांची टोकं करवतीनं कापायची आणि त्यांवर धातूच्या टोप्या बसवायच्या, हे काम ते निव्वळ नजरेनं आणि हातानं करत. दोन वर्षांपूर्वी डॉक्टर अरुंधती घाटे विलायतेहून शिकून आल्या आणि येताना एक यंत्र घेऊन आल्या. यंत्र कसलं, एक लांब पोलादी दांडी आणि तिला जोडलेली खाचांची चौकट. दांडी पायाच्या रेषेत लावायची आणि करवत चौकटीच्या खाचेतूनच चालवायची.

"खाच सरळ, तर काप सरळ," अरुंधतीबाई म्हणत. "मग हात कोणाचा का असेना."

"माझ्या हाताला खाच लागत नाही," डॉक्टर म्हणत.

भांडण मिटेना, तेव्हा संस्थेचे चिटणीस भैय्याजी यांनी परीक्षाच लावली. बारा गुडघे डॉक्टरांनी हातानं करायचे, बारा अरुंधतीबाईंनी यंत्रानं. जमेल त्या गुरुवारी एक आणि एक. कोणाला हात, कोणाला यंत्र, हे ना रोग्यानं ठरवायचं ना डॉक्टरनं. नाव नोंदलं त्या क्रमानं, एक इकडे, एक तिकडे. सगळे झाले की कमरेपासून घोट्यापर्यंतच्या लांब फिल्मा काढायच्या, नावं झाकायची, उलटसुलट नंबर घालायचे आणि गुडघ्यातून रेष किती वाकडी जाते ते बाहेरच्या माणसानं मोजायचं. ते बाहेरचं माणूस म्हणजे मी आणि माझा कोनमापक. कोणता नंबर हाताचा आणि कोणता यंत्राचा, ती यादी भैय्याजींच्या कपाटात कुलपात होती.

सोमवारी संस्थेची बैठक होती. हात हरला तर त्रेसष्ट वर्षांच्या डॉक्टरांनी करवत खाली ठेवायची, असं ठरलं होतं. डॉक्टरांना दुसरं आयुष्य नव्हतं. ना बायको राहिली होती, ना मूल होतं.

शनिवारी ग्रहण सुटलं. अख्खं धंतोली डोक्यावरून पाणी घेत होतं आणि मी मोजणीला गेले. पेटीत फिल्मा एकवीसच निघाल्या. पाच, तेरा आणि एकवीस नंबर गायब.

आता एक गोष्ट चोराला ठाऊक नव्हती. कोणालाच नव्हती. मी आयुष्यभर गणित आधी कच्चं आणि मग पक्कं करत आले आहे. शुक्रवारीच येऊन सगळ्या चोवीस फिल्मा मी माझ्या वहीत कच्च्या मोजून ठेवल्या होत्या. एकवीस फिल्मा ठीक होत्या. तीन वाकड्या होत्या. पाच नंबर नऊ अंश, तेरा नंबर आठ अंश, एकवीस नंबर तर अकरा.

चोरानं नेमक्या त्याच तीन उचलल्या होत्या.

२

भैय्याजींनी यादी उघडली. तिन्ही हाताच्या.

"आता काय बोलायचं राहिलं, यमुताई?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "म्हातारपणी हे सुचावं माणसाला!"

"चोवीस तास द्या मला," मी म्हटलं. "वर्गाबाहेर उभं करायच्या आधी विचारतात, नंतर नाही."

हे मी आधीच सांगून टाकते, की चोर दुसराच कोणी निघावा अशी माझी इच्छा होती. माझ्या यजमानांचा मोडलेला पाय डॉक्टरांनी असा बसवला होता, की ते पुढे अठरा वर्षं सायकलनं सीताबर्डीला जात होते. असं माणूस चोर निघालं तर मला सोसलं नसतं.

पहिला धरला एक्स-रेवाला रुपराव. जुन्या फिल्मांतून चांदी काढणारे इतवारीत पुष्कळ आहेत, आणि त्या दिवशी ग्रहण पाहायला सगळ्यांना काळ्या फिल्मा यानंच वाटल्या होत्या.

"बाई, देवाशपथ!" तो जवळजवळ रडायलाच आला. "म्या रद्दीतल्या देल्ल्या. गुडघ्याची फिल्म कोण लावते डोयाले? मंधात सारी पांढरी राह्यते, डोये जातीन न! आन् मी तं पूर्ण वेळ गच्चीवर व्हतो. तीस लोकं सांगतीन."

खरं होतं ते. शिवाय चांदीसाठी नेणारा वरच्या तीन नेतो. चोवीसातून वाकड्या तीन निवडून कोण काढतं? आठ अंशांचा वाक मलासुद्धा कोनमापकाशिवाय सांगता आला नसता. म्हणजे चोराची नजर माझ्यापेक्षा चांगली होती, आणि हे कबूल करणं मला मुळीच आवडलं नाही.

अरुंधतीबाईंकडे अशी नजर असू शकत होती. मी त्यांच्या घरी गेले, तर त्या लाजून लाल झाल्या.

"यमुताई, कोणाला सांगू नका. सहावा महिना आहे मला. सासूबाईंनी दुपारी दोनपासून पडदे लावून खोलीत बसवलं. सुरी नाही, कात्री नाही, सुईसुद्धा नाही. विलायतेतून शिकून आलेली सर्जन मी, आणि तीन तास नारळ मांडीवर घेऊन बसले होते."

मला हसू आलं. पण त्या सुटल्या.

परत रुग्णालयात आले. ऑपरेशनच्या खोलीबाहेर नत्थू स्टुलावर बसला होता. पंचावन्न वर्षांचा, शांत. पूर्वी लकडगंजला लाकडं कापायच्या आऱ्यावर होता, आता तेवीस वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली. त्याच्या डोक्यावर दारावर पाटी होती: 'रोग्याच्या नातलगास आत प्रवेश नाही, मग तो कोणीही असो.' ती डॉक्टरांनी स्वतः लावली होती. एका विश्वस्तानं मुलाच्या ऑपरेशनला हट्टानं आत उभं राहून उकळलेल्या हत्यारांवरच चक्कर येऊन अंग टाकलं होतं, तेव्हापासून.

"नत्थूभाऊ, तुम्ही नाही गेलात गच्चीवर?"

"आमी ग्रहण पाळत बी नाई आन् पाहात बी नाई, बाई," तो म्हणाला. "छप्पन सालीच सुटलं आमचं ग्रहण. म्या आपला इथं औजारं उकळून राह्यलो व्हतो."

"खाली आणखी कोण होतं?"

तो स्टुलावरून उठला.

"सायेब व्हते. आपल्या खोलीत."

म्हणजे गच्चीवर तीस माणसं आणि खाली दोन. मी डॉक्टरांच्या खोलीचं दार ढकललं.

३

"मी नाही नेल्या," डॉक्टर म्हणाले. "पण नाही नेल्या म्हणून ओरडत फिरणं मला जमणार नाही, यमुताई."

"ओरडू नका. बोला तरी."

"त्या कशा होत्या ते तुम्हाला माहीत आहे ना? तुमच्या तोंडावर दिसतंय."

मी सांगितलं. आठ, नऊ, अकरा.

त्यांनी आपले दोन्ही पंजे टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"अकरा?" ते म्हणाले. "मी अकरा अंश वाकडं कापलं? नाही हो. तसं झालं असतं तर मला तिथेच दिसलं असतं. कापून झालं की मी पाहतो ना. सरळ होते सगळे. बाराही."

खोटं बोलणारी मुलगी मी दारातून ओळखत असे. हा माणूस खोटं बोलत नव्हता. आणि माझी वहीही खोटं बोलत नव्हती.

त्यांच्यासमोरच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. खिळ्यावरून सरकून ते चांगलंच तिरकं लोंबत होतं. मी हाडाची मास्तरीण, माझं सारखं तिकडेच लक्ष जात होतं. एवढ्यात नत्थू चहा घेऊन आला. कप ठेवला, बशी डॉक्टरांच्या बोटांना लागेल इतकी पुढे सरकवली, आणि जाता जाता, मान वर न करता, एका बोटानं कॅलेंडर सरळ करून गेला.

मी चहाचा घोट घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमचं कॅलेंडर वाकडं झालं होतं का हो?"

डॉक्टरांनी समोर पाहिलं. "कुठे? सकाळपासून सरळच तर आहे."

मी कप खाली ठेवला. या माणसाचे डोळे अक्षर वाचत होते, माणसं ओळखत होते, बारीक टाका घालत होते; पण सरळ काय आणि तिरकं काय, तेवढंच त्यांच्यातून निघून गेलं होतं. आणि ज्याचं गेलं होतं त्याला ते गेल्याचा पत्ताच नव्हता. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी उठले.

जिन्यापाशी येईपर्यंत मात्र डोकं ठिकाणावर आलं, आणि एक प्रश्न समोर उभा राहिला. डॉक्टरांना सरळ रेष दिसत नव्हती, तर बारांपैकी तीन नाही, बाराही गुडघे वाकडे व्हायला हवे होते. माझ्या वहीत त्यांचे नऊ गुडघे एका अंशाच्या आत होते. अरुंधतीबाईंच्या यंत्रापेक्षाही सरळ.

ते नऊ कोणी सरळ केले?

४

रविवारी सकाळी अरुंधतीबाईंना घेऊन मी ऑपरेशनचं रजिस्टर उघडलं. तीन वाकड्या गुडघ्यांच्या तारखा काढल्या. सत्तावीस सप्टेंबर, सहा डिसेंबर, दहा जानेवारी.

"त्या दिवशी वेगळं काय होतं?" मी विचारलं.

"काहीच नाही. सर्जन सरच. भूल देणारे तेच. सिस्टर तीच." त्यांनी रकान्यांवरून बोट फिरवलं. "खोली तीच, करवत तीच."

"आणि कोण असतं आत?"

"बस, एवढेच. म्हणजे पाय धरणारा असतो एक, पण तो काय…"

"पाय धरणारा म्हणजे?"

"ऑपरेशनभर घोटा हातात घेऊन पाय धरून ठेवावा लागतो. मला कोणीही वॉर्डबॉय चालतो. चौकट हाडाला खिळलेली असते, पाय हलला तरी ती पायाबरोबर हलते. सरांच्या रोग्याचा पाय मात्र नेहमी नत्थू धरतो."

"ते कुठे लिहिलंय?"

त्यांनी रजिस्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ते लिहीत नाहीत, यमुताई. त्याला रकानाच नाही."

मी नोकरांचं हजेरीपुस्तक मागवलं. सत्तावीस सप्टेंबर हा दसऱ्याआधीचा गुरुवार. त्या आठवड्यात नत्थू दरवर्षी रजा घेतो आणि दीक्षाभूमीवर खेड्यापाड्यांतून येणाऱ्यांना पाणी पाजतो. रजेचा शिक्का होता. सहा डिसेंबरला तो दरवर्षी मुंबईला चैत्यभूमीवर जातो. शिक्का होता. मी घाईनं पुढचं पान उलटलं. उत्तर समोर दिसत असलं की अजून दम धरवत नाही मला.

दहा जानेवारी. हजर. आणि त्याची गोल, सावकाश काढलेली सही.

"मोडलं गणित," अरुंधतीबाई म्हणाल्या.

मी पुन्हा रजिस्टर ओढलं. दहा जानेवारी, उजवा गुडघा, एकवीस नंबर. इतका वेळ मी तारखाच पाहत होते, रोग्यांची नावं पाहिलीच नव्हती. नाव वाचलं, मग हजेरीपुस्तकातलं पूर्ण नाव वाचलं, आणि माझं गणित मोडलं नसून पूर्ण सुटलं आहे हे मला कळलं. ते सुटलं नसतं तर बरं झालं असतं.

रोगी: सौ. कौसल्या नत्थू मेश्राम, इंदोरा.

५

सायकलरिक्षा जरीपटक्याच्या बाजारातून इंदोऱ्यात शिरली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. घर शोधायला वेळ लागला नाही. त्या गल्लीत सगळी दारं कुठे ना कुठे झुकलेली होती, आणि एकच चौकट अशी होती की तिच्यावर काटकोन तपासावा.

कौसल्याबाई दाराशी एका उंच पाटावर बसून भिवापुरी मिरच्यांचे देठ काढत होत्या. पाठीमागे अर्धं भरलेलं मिरच्यांचं पोतं होतं. उंबऱ्याशी त्यांच्या चपला होत्या. नव्या कोऱ्या, पण उजवीची बाहेरची कड आताच निम्मी झिजलेली.

"या न बाई, बसा. खाकरा लागन तुमाले, मिरच्या हायेत," त्या म्हणाल्या.

"पाय कसा आहे?"

"चालते म्या. डॉक्टरसायबानं पाय देल्ला, बाप्पा." मग देठ काढता काढता, माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, "तुमी शाळेतल्या बाई न? एक इचारू? माह्या मालकाची आदत तुमाले मालूम नसन. घरात डबा वाकडा ठेवला तं सरका करते. पोळपाट करते, आरसा करते. पण दवाखान्यातून आली तवापासून माह्या पायाकडं पाहातच नाई. लई वाकडा झाला का वं बाई?"

तेवढ्यात सायकल टेकवल्याचा आवाज झाला. नत्थू आला, मला पाहून थांबला, आणि त्यानं एकदाच पोत्याकडे पाहिलं. तेवढं पुरलं.

"नत्थूभाऊ," मी म्हटलं, "एकवीस नंबर द्या."

त्यानं पोतं बाजूला केलं. खाली सुतळीनं बांधलेली गुंडाळी होती. नाही म्हणाला नाही, रडला नाही. माझ्यासमोर जमिनीवर बसला.

"आऱ्यावर लोकाईले वाटते का कापणारा कापते," तो म्हणाला. "तसं नाई राहत, बाई. करवत आपल्या रस्त्यानं जाते. काप सरका येते तो लाकूड धरणाऱ्याच्या हातानं. सायबाची करवत दोन सालापासून डावीकडं जाऊन राह्यली. म्या तेवढाच पाय फिरवून देतो. बस."

"डॉक्टरांना माहीत आहे?"

"नाई! त्याईले काई मालूम नाई. तुमी बी नका सांगू."

"तुम्ही का नाही सांगितलं?"

"काय सांगू? तुमाले दिसत नाई म्हनू?" पहिल्यांदाच त्याचा आवाज हलला. "सत्तावन साली कामासाठी कोन्याबी दवाखान्यात गेलो का भाईरच उभं ठेवत. हा एक मानूस म्हने, हात धू आन् आत ये. तेवीस साल झाले. त्याईची करवत म्या काढून घेऊ?"

मला राग आला होता, आणि तो मी गिळला नाही. "आणि ते दोघं? तुम्ही पाणी पाजायला गेलात, मुंबईला गेलात, त्या दिवशी ज्यांचे पाय कापले गेले त्यांचा काय दोष? ते जन्मभर तसेच चालणार."

"मले वाटलं, एका दिसानं काय होते," तो म्हणाला आणि त्यानं हात जोडले. "फिल्मा पाह्यल्या तवा समजलं. म्या गुन्हेगार आहो, बाई. मले धरून द्या. पन सायबाले सोडा."

कौसल्याबाईंचे हात थांबले होते.

"आन् माह्या दिवशी?" त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तं तुमी हाजर व्हते न जी?"

"व्हतो."

"मंग?"

उत्तर मलाही माहीत होतं, दारावरच्या पाटीसकट. पण ते त्यानंच द्यायला हवं होतं.

"नातलगाले आत जाता येत नाई," तो म्हणाला. "सायबाचाच कायदा. मले येऊ द्या म्हनलं असतं, तं त्याईनं इचारलं असतं काहून. हिले यंत्रावर घ्या म्हनलं असतं, तरी इचारलं असतं काहून. नंबर हाताचा आला व्हता. म्या दारापाशी बसून राह्यलो. करवतीचा आवाज ये भाईर. आवाजानंच समजे मले का डावीकडं चालली, डावीकडं चालली…"



कौसल्याबाईंनी गुंडाळी उचलली, सुतळी सोडली आणि मिरचीच्या हातांनी एकवीस नंबरची लांब फिल्म दारातल्या उजेडासमोर धरली. मांडी, टोपी, नडगी. तिथे कोनमापकाची गरज नव्हती. त्या पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. त्यांनी त्याला शिव्या द्याव्यात असं मला वाटत होतं. निदान रडावं तरी.

"मले सांगाचं व्हतं न," त्या म्हणाल्या. "म्या कोनाले सांगतलं असतं का?"

नत्थूनं डोकं गुडघ्यांत घातलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते मिरच्यांमुळे आहे असं मी कोणाला सांगणार नाही.

६

सोमवारी बैठक अकराला होती. नऊ वाजता मी तिन्ही फिल्मा घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेले. रात्रभर स्वतःशी भांडून मी ठरवलं होतं की नत्थूची विनंती मी मोडणार. अजून कितीतरी पाय त्या टेबलावर यायचे होते. त्यांतला एक माझाही होता. मी नाव हातालाच नोंदवलं होतं.

मी सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे माझा हात दोन वर्षांपूर्वीच गेला. आणि मला वाटत होतं, मी जिंकतोय."

"नऊ गुडघे जिंकलेच आहेत, डॉक्टर."

"मी नाही जिंकलो ना."

अरुंधतीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "सर," त्या हळूच म्हणाल्या, "आपण हात आणि यंत्र यांची तुलना करायला निघालो होतो. पाय धरणारा आपण धरलाच नाही. माझं यंत्र नत्थूपुढे हरलंय."

"पण तुझं यंत्र रजा घेत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि यंत्राला बायको नसते. तेच राहू दे."

बैठक दहा मिनिटांत संपली. फिल्मा डॉक्टरांनी स्वतः टेबलावर मांडल्या आणि करवत खाली ठेवली. चोरीचं नाव कोणी काढलं नाही. कौसल्याबाईंचा गुडघा पुन्हा करता येईल का, हाड तेवढं उरलंय का, ते अरुंधतीबाई बाळंतपणानंतर पाहणार होत्या. येईल असं त्या म्हणाल्या नाहीत. यंत्राला पाय धरणारा कोणीही चालत होता, तेव्हा नत्थूला खाली कुबड्यांच्या सुतारकामाला पाठवायचं ठरलं. एवढ्या हुशार माणसांना दुसरं काही सुचलं नाही, आणि मलाही नाही.

बैठकीनंतर डॉक्टरांनी नत्थूला बोलावून घेतलं. दोघं एकमेकांकडे पाहत नव्हते. मला वाटलं, आता डॉक्टर माफी मागतील किंवा नत्थू मागेल. दोघांपैकी कोणीच मागितली नाही. डॉक्टरांनी ऑपरेशनचं रजिस्टर पुढ्यात ओढलं, आणि शेवटच्या रकान्याच्या पलीकडे, कोऱ्या जागेत, पहिल्या तारखेपासून लिहायला सुरुवात केली: 'पाय धरला: नत्थू मेश्राम.'

पहिली ओळ डावीकडे घसरायला लागली. नत्थू पुढे झाला. त्यानं रजिस्टरची कड दोन्ही हातांनी धरली आणि किंचित फिरवली. ओळ सरळ आली. डॉक्टरांना ते कळलं की नाही कोण जाणे. दुसरी ओळ, तिसरी ओळ. लिहिणारा लिहीत होता आणि धरणारा फिरवत होता, आणि असं नऊ वेळा झालं. मी पाहत होते. इतकं सुंदर काम मी आयुष्यात पाहिलं नाही, आणि ते आता संपलं होतं. मधल्या दोन तारखांना त्यांनी वॉर्डबॉयचं नाव घातलं.

शेवटी दहा जानेवारी आली.

"इथे काय लिहू, नत्थू?" डॉक्टरांनी विचारलं.

डॉक्टरांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग लिहिलं: 'नत्थू मेश्राम. दाराबाहेर.'

त्या ओळीला नत्थूनं रजिस्टर धरलं नाही. त्यानं हात मागे घेतले होते. ओळ निघाली ती डावीकडे घसरत खाली गेली.

ते रजिस्टर आजही तिथे आहे. भैय्याजी मला म्हणाले होते, यमुताई, एवढी ओळही मोजून टाका. मी नाही मोजली.